पाळीवरचा दुसरा माणूस
आमच्या उदाराम भाऊजीले नागपुरात आता आर्टिस्ट म्हणतात. मले हसू येते. चिचगडजवळच्या या गावात मी नवरी होऊन आली, तेव्हा हे माझे धाकटे दीर चौदा वर्षांचे होते. मी सारवलेली भिंत वाळतही नव्हती, की कोळशानं मासे, बैल, गावचा तलाव काढून मोकळे! मी झाडू घेऊन मागं धावायची. खोटं कायले बोलू, त्या काळ्या भिंती आठवल्या की मन भरून येते.

एकोणिसाव्या वर्षी ते पोटासाठी नागपूरले गेले, दुकानांचे बोर्ड रंगवायले. पुढं फ्लेक्स आला, काम गेलं. मग कापडावर स्वतःसाठी रंगवू लागले. चाळीस वर्षं शहरात राहून माणूस काढते काय, तर आमचाच तलाव!

यंदा वैशाखात भलं मोठं चित्र गुंडाळून आणलं. मले हळूच म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी दादा बोलले, तुझं गाव आता नागपूर. लय लागलं मले. हे पाहून त्यांनी एकदा म्हणावं, की मी इथलाच आहे."

दादा म्हणजे आमचे हे, सुकराम. गोड बोलणं यांच्या बापजाद्यात नाही.

अंगणात चित्र पसरलं. उन्हाळ्यात आटलेल्या तलावातला गाळ काढून सारं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर टाकते, तेच त्यात होतं. ज्या घरी जेवढे भाऊ, त्या घरची तेवढी माणसं, अन् दर माणसामागं एक दिवस, अशी आमची रीत. हे बोट ठेवून माणसं पाहू लागले. "शेजारच्या टेकचंदकडचे तीन. बरोबर. अन् आपल्या घरचा एकच काऊन?"

"तो तुम्ही आहात, दादा. मी तं गाव सोडलं होतं."

"मग चुकलं तुझं चित्र!" हे कडाडले.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "उगाच कायले वरडून राहिले? खरं सांगा न!" शेवटी मीच बोलली. "भाऊजी, दर साली स्वतःचा दिवस झाला की हे दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात, तुमच्या नावानं. लोक म्हणाले, उदारामचं नाव कमी करा. यांनी करू दिलं नाही. मागच्या साली कंबर धरली होती, तरी गेले."

भाऊजी अंगणातच ढसाढसा रडले. माझेही डोळे वाहू लागले.

"रडून गाळ निघत नाही," हे म्हणाले. "उद्या तुझा दिवस आहे. ये."

दुसऱ्या दिवशी भाऊजी तलावावर गेले. एकोणसाठ वर्षांचा देह, हातात सवय ब्रशची. दहाव्या घमेल्यालाच धाप लागली. टेकचंद म्हणाला, "सुकरामभाऊ, तुम्हीच टाका न त्याच्या वाट्याचं."

"टाकू दे त्याले," हे म्हणाले, अन् पाळीवर बसले. चाळीस सालांत त्या दिवशी मी यांले तिथं पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.