तात्यांचं न सांगायचं दुखणं

माझे सासरे, तात्या, भोकरदनच्या मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारायचे. घरातही आवाज तोच. स्वतःच्या पोटाची तक्रारसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. वर म्हणायचे, "हळू बोलायला मी काय चोरी करून राह्यलो?"

दोन उन्हाळ्यांपूर्वी हाच माणूस गप्प झाला. जेवायला खाली बसेना, उभ्यानंच भाकरी खाऊ लागला. स्वतःचं धोतर स्वतः धुऊन मागच्या भिंतीआड वाळत घालू लागला. सासूबाई कधीच गेलेल्या. नवरा नोकरीपायी परतूरला. मोरीत मला मलमाच्या पिळून संपलेल्या ट्यूबा सापडल्या, तेव्हा मी त्याला फोन केला. त्यानं विचारताच तात्या कडाडले, "मला काही झालं न्हाई!"

मग एका दुपारी ते भिंतीला धरून मोरीतून बाहेर आले. धोतरावर रक्ताचे डाग होते.

"तात्या, जालन्याला दवाखान्यात जाऊ."

"सुनंनं असल्या गोष्टीत पडू न्हाई." त्यांनी पिशवी उचलली. "मी चाललो पिंपळगावला, बहिणीकडं."

तिथं गेले तर तिथंही लपवतील. मी दारात आडवी उभी राहिले आणि आईलाही न सांगितलेलं बोलून गेले. "माझ्या बाळंतपणानंतर मलाही जांघेत चट्टे उठले होते. खाजवून रक्त यायचं. लाजेपायी तशीच राहिले. दाखवलं तेव्हा बरी झाले."

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता ते मला ढकलून जातील, असं वाटलं.

"एवढं सोसलं," ते भिंतीलाच म्हणाले, "मंग तवा बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोलताय?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "जालन्याची गाडी कवा हाय?"

दवाखान्यात नाव पुकारलं. आत माझ्या वयाची डॉक्टरीण. तात्या उंबऱ्यातूनच मागे फिरले. "माणूस डॉक्टर न्हाई का?"

"ते उद्या येतील," ती म्हणाली. "पण काका, तुम्हाला चालवत नाहीये."

तात्या माझ्याकडे न बघता आत गेले. मी बाहेर बाकावर बसले. पडद्याआडून तात्यांचा बारीक आवाज आला, "होळीच्या आधीपासून हाय, बाई."

नायटा होता. मेडिकलवाल्यानं न बघता दिलेल्या मलमानं चिघळलेला, आणि अंगात साखर वाढलेली. बरं व्हायला सगळा पावसाळा गेला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी तात्या हृदयविकारानं गेले. काही दिवसांनी एक अनोळखी माणूस अंगणात येऊन उभा राहिला. नजर जमिनीला.

"वहिनी, जालन्याची ती डॉक्टरीण कुठं बसती? तात्या म्हणल्ते, लाजू नको, माह्या सुनंला विचार."

मी पत्ता सांगितला. त्याची मान वर होईना, म्हणून विचारलं, "घरी कुणाला सांगितलंत?"

"न्हाई," तो म्हणाला. "फकस्त तात्याला सांगितल्तं."