होपफुल फळी

माझ्या ताईचा नवरा बंद पडलेले पंखे, इस्त्र्या, टोस्टर असल्या वस्तू दुरुस्त करतो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे भिंतीला तीन फळ्या आहेत. एकीवर दुरुस्त झालेल्या वस्तू, दुसरीवर भंगारात द्यायच्या आणि सगळ्यात लांब फळीवर उरलेल्या. भंगाराच्या फळीवर मी आजवर एकही वस्तू पाहिलेली नाही. तिथे भावोजी चहाचा कप ठेवतात.

वस्तू कामातून गेली, असं म्हणायला या माणसाची जीभच रेटत नाही. गिऱ्हाईक चौकशीला आलं की ते पूर्वी नुसतं 'बघू' म्हणायचे. त्या 'बघू'वर लोक चिडायला लागले, तेव्हा त्यांनी मला गाठलं. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, तर एखादा वजनदार शब्द दे, ज्यात थापही नको आणि नकारही नको, असं म्हणाले. मी 'होपफुल' दिला. भावोजींना पुन्हा नवा शब्द द्यायचा नाही, असा मी तेव्हापासून कानाला खडा लावला आहे.

त्यांनी तो लांब फळीवर खडूने लिहून टाकला. कोणी पंख्याचं विचारलं की स्टुलावरून न उठता सांगायचे, होपफुल आहे. लोकही वाटाण्याच्या अक्षता इंग्रजीतून मिळाल्या म्हणून खूश होऊन परत जायचे. पुढे तर त्या शब्दाला काही धरबंधच उरला नाही. उतू जायच्या बेतातलं दूध होपफुल, भरून आलेलं आभाळ होपफुल. मी परोपरीने समजावलं की होपफुल असतो तो माणूस, चांगलं होईल अशी आस लावून बसलेला. पंखा कसली आस लावणार? त्यावर ते म्हणाले, तू माझे पंखे नीट बघितले नाहीस. शेवटी गल्लीने त्यांचंच नाव होपफुल ठेवलं आणि मी हात टेकले.

त्यांची एक सवय मात्र मानायला हवी. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते त्या फळीवरची एक वस्तू खाली काढतात, स्क्रू सोडवतात, आत फुंकर मारतात, वायर जोडून बघतात आणि जमलं नाही की पुन्हा बंद करून जागेवर ठेवतात. फळीवर सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे ताईची इस्त्री, मीच दिलेली. दुरुस्ती करणाऱ्याची बायको कपड्यांना इस्त्री करायला शेजारणीची इस्त्री मागून आणते, याचं अख्ख्या गल्लीला हसू यायचं. इस्त्री खाली निघाली की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, टाका ना ते भंगार." ते म्हणायचे, होपफुल आहे. दोघांचा संसार याच दोन वाक्यांवर छान चालला होता.

आणि एका सकाळी ताई ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. जिच्या तोंडाचा पट्टा आम्हा बहिणींना कधी आवरता आला नाही, ती नुसती आमच्याकडे बघत पडून होती. मला ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बोलणं परत येण्याबद्दल आम्ही होपफुल आहोत. मला जरा धीर आला. भावोजींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, "हा शब्द तू मला दिलास. आता खरं सांग, याचा अर्थ काय?"

शाळेत हाच अर्थ मी फळ्यावर सहज लिहून देते. तिथे मात्र मी उलट विचारलं, "तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता, तेव्हा काय असतो?"

त्यांनी हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळले. मग म्हणाले, "होईल की नाही, मला ठाऊक नसतं. पण मी ती वस्तू सोडलेली नसते."

ताईला घरी आणलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. एरवी भावोजीच गुरुजी. दुकान उघडण्याआधी तिला खुर्चीत बसवायचं, फळीवरची एक वस्तू तिच्यापुढे ठेवायची आणि विचारायचं, हे काय आहे सांग. ताई ओठ हलवायची, घशातून घरघर यायची. "राहू दे, उद्या," असं म्हणून ते वस्तू जागेवर ठेवायचे. मी जायचे तेव्हा मला वाटायचं, या माणसाला कोणीतरी आवरायला हवं. पंखा आणि बायको यांत काही फरक आहे की नाही?

एके सकाळी त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. आज इस्त्रीची पाळी होती म्हणाले. त्यांनी इस्त्री समोर ठेवली, हे काय आहे म्हणून विचारलं. ताईने इस्त्रीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "भंगार."

मी फोनवरच रडायला लागले. डोळे पुसून विचारलं की मग आता टाकणार ना ती इस्त्री? म्हणाले, छे, आत्ताशी कुठे तिचा उपयोग सुरू झालाय.

ती अजून तापत नाही. ताई सावकाश पावलं टाकत शेजारच्या दारात जाते आणि एकेक शब्द जुळवत इस्त्री मागते. शेजारीण तिला वाक्य पूर्ण करू देते.