भोक न पाडता बसवलेली पट्टी

ट्रकवाले तिला पट्टीताई म्हणत. ट्रकच्या दारांवर, कडांवर चकचकीत स्टीलच्या पट्ट्या बसवणं हे तिचं काम, आणि तेही पत्र्याला एकही भोक न पाडता. नवखा ड्रायव्हर हसायचा. "ताई, ट्रक आहे हा, कपाट नाही. चिकटवलेलं किती दिवस टिकणार?" ताई वाद घालत नसे. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं दार उभं होतं, त्यावर सात वर्षांपूर्वी चिकटवलेली पट्टी होती. ती ओढून काढ म्हणायची. गडी घामाघूम व्हायचा आणि गपगुमान गाडी आत घ्यायचा.

तिच्या दुकानात ड्रिल नव्हतंच. का नव्हतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांची असताना तिला वडिलांना खूश करायची हौस आली. ट्रक म्हणजे बाबांचा जीव की प्राण. लांबच्या फेरीवरून येऊन ते झोपले होते, तेवढ्यात तिने शेजारच्या गॅरेजमधून ड्रिल मागून आणलं आणि डाव्या दाराला अकरा भोकं पाडून पट्टी बसवली. दिसायला सुरेख दिसली. बाबा उठून बाहेर आले, "छान" म्हणाले. पण भोकांच्या कडेला उघड्या पडलेल्या पत्र्याला तिने रंगाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. पट्टीमागे पाणी साचत गेलं, गंज धरला, आणि तिसऱ्या वर्षी दाराचा खालचा भाग बाबांच्या हातात आला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "यापुढे गाडीला हात लावायचा नाही."

तिने ड्रिलच्या बाबतीत कानाला खडा लावला तो तेव्हाच. पुढे बाबांनी दार बदललं, रंग बदलला, ते वाक्य मात्र बदललं नाही. बापलेकीत अबोला वगैरे काही नव्हता. बाबा तिच्या घरी यायचे, चहा प्यायचे, नातीचा अभ्यास घ्यायचे. पण ट्रकचं काम निघालं की तिच्या दुकानावरून पुढे जाऊन दुसरीकडे करून घ्यायचे. तेवीस वर्षं हे चाललं आणि तेवीस वर्षं तिला ते लागत राहिलं.

त्या दिवशी सकाळी ट्रक तिच्या दारात थांबला तेव्हा तिला आधी वाटलं, बंद पडला असेल.

बाबा खाली उतरले. एका अरुंद बोळात डाव्या दाराची पट्टी खरवडून निघाली होती. "तिघांकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "तिघांनीही आधी ड्रिल उचललं."

"मग?"

"मग काय, गाडी तशीच मागे घेतली." त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "तुझ्याकडे नाही ना?"

"नाही, बाबा."

ती कामाला लागली. दार साबणाने धुतलं, कोरडं केलं, नखाने रंग खरवडून पाहिला. पट्टी धरते रंगाला. रंगच पत्र्यावरून सुटला तर पट्टीने काय करायचं? सुटा रंग तिने घासून काढला, तिथे नवा हात दिला आणि तो नीट वाळू दिला. तोवर दुपार झाली. मग स्पिरिटने पुसलं, दोरी धरून रेघ आखली. दाराला मध्ये किंचित फुगवटा होता, म्हणून पट्टीला गुडघ्यावर तेवढाच बाक दिला. घरून आणलेल्या केस वाळवायच्या यंत्राने पत्रा उबदार केला. दुहेरी चिकटपट्टीचा कागद वीतभर सोलायचा, लाकडी रूळ फिरवायचा, पुन्हा वीतभर. हात सराईत होते. बाबा मागे उभे राहून पाहत होते.

शेवटचं टोक बसलं. बाबा पुढे झाले आणि सवयीने त्यांनी पट्टीच्या कडेत नख घातलं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला ते कुणाचे होते ते आठवलं. बाबांनाही आठवलं असावं. त्यांनी हात मागे घेतला आणि पाठीशी बांधला.

ती हळू आवाजात म्हणाली, "चिकटायला पूर्ण एक दिवस लागतो. तोवर गाडी हलवायची नाही, पाणी मारायचं नाही. इथेच ठेवावी लागेल."

बाबांनी ट्रक आजवर कुणाच्या दारात एकटा ठेवला नव्हता. गॅरेजमध्ये काम लांबलं तर ते केबिनमध्येच मुक्काम ठोकत. आताही त्यांनी एकदा केबिनकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून तिच्या टेबलावर, स्पिरिटच्या बाटलीशेजारी ठेवली.

"उद्या येतो," ते म्हणाले. "तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

"मलापण नाही?"

बाबा रस्त्याला लागले होते. थांबले, पण वळले नाहीत.

"तू लाव," म्हणाले.