वेगवान रॅम आणि माझं बोट

पीसीवर गेम खेळणाऱ्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी खुशाल हसा.

आज सकाळी मुरगूडहून एसटीनं कोल्हापूरला गेलतो, जास्त स्पीडची रॅम आणायला. दुकानदार तोंडावर बोलला, "पावणं, सेकंदाला चार-पाच फ्रेम वाढतील. तुमचं ग्राफिक कार्डच जुनं हाय की."

मी ऐकलं नाही. दोन वर्षं झाली, टीममध्ये पहिला मीच मरतो. आणि गारगोटीचा माझा दोस्त संग्राम दरवेळी हेडफोनवर म्हणतो, "तुझा दोष न्हाय रं, तुझा पीसी अडकतोय."

दुपारी रॅम बसवली. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तिचा पूर्ण स्पीडही चालू केला. फ्रेम चारच वाढल्या, पण गेम मधेच अडकायचा, ते थांबलं. लोण्यासारखा चालला.

मग गेममधल्या दारातून समोरचा गडी आत आला. अगदी स्वच्छ दिसला. बंदूक उचलतानासुद्धा दिसला. माझं बोट माऊसवरच होतं. ते हललंच नाही.

सहा मॅच खेळलो. सहाही वेळा मला मारणारा आधी दिसला, आणि मग मी मेलो.

एकेचाळीस वर्षांचा हाय मी. कालपर्यंत शिव्या घालायला रॅम तरी होती.

मग हेडफोनवर संग्राम हळूच म्हणाला, "मॉनिटर बदलून बघ की. त्याचंच कायतरी आसंल."

तेव्हा कळलं, दोष पीसीचा नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

मॉनिटर बदलून कुणाला फरक पडलाय का? खोटं सांगितलंत तरी चालेल.