नेट गेलं तर

आमच्या तिरोड्याच्या राईस मिलमध्ये तो यंत्रं बसवणारा इंजिनिअर आला की आधी बॉयलर बघतो, चहा नंतर. दाब वाढला तर भोंगा वाजवायचा की नाही, हे पूर्वी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर ठरायचं. आता त्याने बसवलेला छोट्या कॉम्प्युटरचा डबा ते इथेच ठरवतो. तरी दर खेपेला तो विचारतोच, "नेट गेलं तं काय करान?"

परवा त्याने सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं, नेटची वायर उपटली आणि स्वतःच दाब वाढवायला घेतला.

बाहेर पडताना मी म्हणालो, "तुम्ही कायले थांबून राहिले?"

"डबा तयार आहे म्हणून मीच सांगतलो ना."

थोड्या वेळाने, नेट नसतानाच, भोंगा वाजला. आम्ही आत धावलो. दाबाचा काटा खाली येत होता आणि तो जमिनीवर बसला होता, वायर अजून मुठीत.