लाल झाड बघायला चाकणहून चिंचवडला

परदेशात जायचं नशिबात नाही, म्हणून परदेशातलं चित्र बघायला मी चिंचवडला गेले. कारण नात, तेजू. बारावी झाली, तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, बापाला ती इंजिनिअर व्हायला हवीय. बाप म्हणजे माझा लेक दत्ता मला म्हणाला, "आई, तिला आवडतात ती चित्रं तू एकदा बघून ये. तू म्हणशील तसं करू." मी नाहीच म्हणणार, हा त्याचा हिशोब. माझाही तोच होता.

जाणाऱ्यांनी कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या आत चाकण सोडावं. मी नि तेजूनं सोडलं नाही. तळेगाव चौकात बस कंटेनरच्या मागे अशी अडकली की माझी एक झोप झाली, तरी चौक तोच. भोसरीला उतरून मिसळ खाल्ली. चव बरी, पण तर्री जपून मागा. मी जपले नाही. पुढची सहल ढेकर देत झाली.

चिंचवडच्या प्रदर्शनाच्या हॉलला तिकीट नाही, एसी फुकट. शंभरएक वर्षांपूर्वीच्या चित्रांच्या मोठ्या छापील प्रती लावलेल्या. तेजूनं मला एकीपुढे उभं केलं. जांभळी जमीन, लाल झाड, आभाळ हळदीसारखं.

"राब भाजलाय," मी ठासून सांगितलं. माझ्या माहेरी मावळात भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तो राब. जमीन अशीच काळी-जांभळी होते. शेजारच्या दोन बायका माना डोलवायला लागल्या, तसा मला चेव चढला. धूर कुठून निघतोय तेही दाखवलं.

"आजी, तो धूर नाही, नदी आहे," तेजू हळूच म्हणाली. "काही जाळलेलं नाही. चित्रकाराला आतून जसं वाटलं, तसे रंग लावलेत त्यानं."

"वाटलं म्हणून झाड लाल?"

"तुला कधीच नाही असं दिसलं?"

दिसलं होतं ना. म्हातारा गेला त्या दिवशी दारातला शेवगा मला पिवळाजर्द दिसला होता. तेरावं उरकल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन थेंब आणले. हे मी बोलून बसले. तेजू हसली, त्या दोघी हसल्या, मग मीही. पण त्या झाडापुढून पाय काही निघेना.

घरी दत्ता दारातच उभा. "कशी होती चित्रं?"

"एक रंग जागेवर न्हाई."

"बघ, मी काय म्हणत होतो."

"घाल तिला त्या कॉलेजात."

"आई, तुला काय कळलं त्यातलं?"

"काय बी न्हाई. तिला कळतंय."

बरेच दिवस तो माझ्याशी धड बोलेना. मग एका सकाळी त्यानं तेजूला विचारलं, चांगले रंग कुठं मिळतात. मला नाही विचारलं. नदीचा धूर करणाऱ्या बाईला कोण विचारतंय.