घळीतलं आवतन

उमरग्यात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. लोकांचं रक्त काढायचं, मशीनला द्यायचं आणि जे येईल ते छापून हातात ठेवायचं, हा माझा धंदा. कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणत आलं की मी आधी हिमोग्लोबिन बघते, आणि बहुतेक वेळा ते 'बाहेरचं' तिथंच सापडतं. इथं लोक लिहितात ते अनुभवसुद्धा मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले, रागावू नका. आज स्वतःच लिहायला बसलेय. कुणीतरी सरळ कारण सांगून मला वेड्यात काढलं तर बरं होईल... खरंच सांगते, मी वाईट वाटून घेणार नाही.

आमच्या भागातल्यांना येळवस सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, बांधायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग नुसतं जेवायचं. बेसनात शिजवलेल्या मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, खीर, आणि माठ भरून आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेलं पेय. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही 'या जेवायला' म्हणून हाक मारतात. ओळख असो-नसो, हाक आली की जायचं आणि चार घास खायचे. नाही म्हणायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून आमची येळवस झाली नाही. शेत बटईनं दिलेलं, पूजा बटईदारानं परस्पर केली. अण्णा — माझे वडील — आदल्या दिवसापासून तोंड पाडून बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण भज्जी नाही म्हणून लहान मुलासारखा रुसलेला! सुट्टी होतीच. मावशीला आईपाशी बसवलं आणि अण्णांना घेऊन मी एका सहलीला नाव दिलं.

सहल एका दिवसाची होती. नळदुर्गचा किल्ला सगळ्यांना माहीत आहे, पण तिथून बरंच खाली बोरी नदी एका अरुंद घळीतून जाते ते फार कुणी बघत नाही. दोन्ही बाजूंनी काळा कातळ, मध्ये गुडघाभर पाणी. घळीच्या तोंडाशी दगडी बंधाऱ्याचे अवशेष, पुढं वीरगळांची रांग, शेवटी महादेवाचं पडकं देऊळ आणि त्याच्यामागं कातळात खोदलेली एक खोली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच गर्दी नको. शिवानंद नावाचा नळदुर्गचाच एक तरुण गाईड म्हणून होता. इतिहासात एम.ए., बोलायला गोड, घरी कानडी बोलणारा. बाकी सोलापूरचे काही शिक्षक आणि त्यांच्या बायका.

सकाळ मजेत गेली. वीरगळांपाशी शिवानंद माहिती सांगत होता, कुणाच्या गाई पळवल्या, कुणी लढताना जीव दिला... आणि अण्णांचं लक्ष सगळं वर. काठावरच्या शेतांतून आरोळ्या ऐकू येत होत्या. लोक शिवाराभोवती आंबील शिंपडत फिरत होते. अण्णा मला हळूच म्हणाले, "वैशू, काय गं हे! येळवसच्या दिवशी दगडं बघत हिंडायलोत."

"अण्णा, डब्यात पुरी-भाजी आहे," मी म्हटलं.

"पुरी-भाजी!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते बघून शिक्षकांच्या बायकासुद्धा हसल्या.

दुपार होत आली तेव्हा आम्ही वळणावर पोचलो. तिथं घळ थोडी रुंद होते. पलीकडच्या काठावर मला ज्वारी दिसली. तिच्यामध्ये कोप, कोपेवर हिरवी शाल टाकलेली, चुलीचा धूर, आणि चार-सहा माणसं बसलेली. एक बाई उठून पुढं आली आणि हात करून म्हणाली, "या हो, जेवायला या!"

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हे पुन्हा सांगते, कारण पुढं बहुतेकांनी कानावर हात ठेवले. एका शिक्षकांनी तर पाण्याच्या अलीकडूनच हात जोडून 'नको नको, आमचं आहे' असं म्हटलंसुद्धा. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. येळवसला कोप दिसणारच, हाक येणारच.

अण्णांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"अण्णा, शेवाळ आहे, पडाल!"

"आवतन आलंय, न्हाय म्हणायचं नसतंय. तुमी व्हा फुडं. म्या चार घास खाऊन हितंच बसतो." आणि निघाले. दगडावरून दगडावर पाय ठेवत पलीकडं पोचले. शिवानंद घड्याळ बघत म्हणाला, "राहू द्या ताई, याच वाटेनं परत यायचंय." मी तिथंच थांबले, अण्णा पंगतीला बसेपर्यंत. त्या बाईनं वाढलं. त्यांनी माझ्याकडं बघून हात हलवला. एक गोष्ट तेव्हाच नजरेत आली होती, पण मनावर घेतली नाही. बाकी कुणी जेवत नव्हतं. सगळे अण्णांकडं तोंड करून बसले होते.

देवळापाशी आम्ही डबे खाल्ले, खोली बघितली, फोटो काढले. तासाभरानं परत वळणावर आलो.

पलीकडं ज्वारी नव्हती.

कोप, धूर, माणसं, काही नाही. शेताला जागाच नव्हती हो! पाण्यातून सरळ वर गेलेला कातळ. त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या जरा वर एक दगडी ओटा, माणूस जेमतेम मांडी घालून बसेल एवढा. आणि तिथं अण्णा मांडी घालून बसले होते. पाठ आमच्याकडं, तोंड कातळाकडं.

मी किती ओरडले माहीत नाही. शिवानंद पाण्यातून धावला, त्यांना धरून इकडं आणलं. अण्णा ठणठणीत होते, उलट खुशीत होते. "आताच तर होते की गं. लई माया केली माझ्यावर. पुरे म्हणलं तरी वाढायलेत, पुरे म्हणलं तरी वाढायलेत... अन् ज्वारी बघितलीस का? कणसं भरल्याती, काढणीला आलीय! आपली आजून पोटरीत न्हाय." त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत बेसनानं माखला होता. मी तो हुंगला. भज्जीच होती. चिंच, हिरवी मिरची, सगळा वास.

शिवानंदचा चेहरा उतरला होता. "ताई, या बाजूला शेत कवाच नव्हतं," तो म्हणाला. "म्या कितीदा आलोय हितं. पण येळवसला पहिल्यांदाच आलो. हाक मलाबी ऐकू आली, मला त्यात काय येगळं वाटलंच न्हाय." परतीच्या बसमधून उतरताना एक शिक्षक मला समजावू लागले की उन्हानं असं होतं. डिसेंबरातलं ऊन!

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. पोट भरलंय म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आई रागावली की दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. "आत जागाच न्हाय गं." संक्रांत गेली, पाडवा गेला. अण्णांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले. सोलापूरला नेलं, दुर्बीण घातली, स्कॅन केला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वयानं भूक मंदावते, मन रमवा. मन रमवा म्हणे. रमवायला नेऊनच हे झालं होतं.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर सीरम राहतं. उपाशी माणसाचं सीरम स्वच्छ, फिकट पिवळं असतं. तुपातलं, तेलातलं दाबून जेवलेल्याचं काही तास गढूळ, दुधट दिसतं. अण्णांचं रक्त मी सकाळी उपाशीपोटी काढायचे. आदल्या रात्रीचे दोन घास सोडले तर पोटात काही नसायचं. आणि ट्यूबमध्ये सीरम पांढरं! दर वेळी पांढरं, आंबिलीसारखं. डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलीय म्हणून गोळ्या लावल्या. असं काही आजारांत होतं, हे मलाही माहीत आहे. गोळ्या महिनोन् महिने दिल्या, फरक शून्य. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि रक्त म्हणत होतं की हा आत्ताच पंगतीतून उठलाय. मी ती ट्यूब हातात धरून लॅबच्या मागच्या खोलीत रडले आहे. मला भीती वाटत होती. वडील जाणार, एवढंच डोक्यात असायचं.

दसऱ्यानंतर अण्णा अंथरुणालाच लागले. एके दुपारी आपणहून म्हणाले, "वैशू, त्यांचं जेवलो, अन् त्यांना बोलवलंच न्हाय. आवतन फिरवावं लागतंय. औंदा आपली येळवस करायची."

आई नको म्हणत होती. मी मात्र लगेच हो म्हटलं. तेव्हा कुणी लिंबू उतरवून टाक म्हटलं असतं, तरी मी टाकलं असतं, मशीन बंद करून.

गेल्या येळवसला आम्ही त्यांना गाडीतून शेतावर नेलं. बटईदारानं कोप बांधून ठेवली होती. पूजा झाली. अण्णा माझ्या खांद्याचा आधार घेत आंबील शिंपडत शिवाराभोवती फिरले. नळदुर्गच्या दिशेच्या बांधावर आल्यावर थांबले, तोंडापाशी हात धरून त्यांनी हाक मारली, "या हो, जेवायला या!" शेजारच्या शेतातल्यांना वाटलं आपल्यालाच. ते हसून म्हणाले, "येतो की, अण्णा!" अण्णांनी तिकडं बघितलंही नाही. थोडा वेळ बांधापलीकडं बघत राहिले. मग बाजूला सरून त्यांनी वाट दिली.

"वाढा," ते म्हणाले. "आले."

मी आणि आईनं ओळीनं पत्रावळ्या मांडल्या आणि रिकाम्या जागांपुढं वाढत गेलो. मला तिथं काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. जे झालं नाही ते मी लिहिणार नाही. आईच्या हातून भज्जी पत्रावळीबाहेर सांडत होती. अण्णा ओळीपुढं फिरून आग्रह करत होते, "घ्या अजून, लाजू नका." मग स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, "मलाबी वाढ गं. लई भूक लागलीय."

ते जेवले. उंडा जेवले, पोळी जेवले, वाटीवर वाटी आंबील प्यायले. आई पदर तोंडाला लावून रडत होती, मीही रडत होते, आणि ते आमच्याकडं लक्ष न देता भाकरीचा तुकडा मोडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभराच्या उपाशीपोटी मी त्यांचं रक्त काढलं. सीरम स्वच्छ होतं, फिकट पिवळं. ती ट्यूब मी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होते.

मी इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आदल्या संध्याकाळी शेतातून परत येताना गाडीत अण्णा खुशीत होते, आणि मी सहज विचारलं, "जाताना काही बोलले का हो ते?"

"बोलले की. आवतन दिलं. फुडच्या येळवसला या म्हणले." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुला घेऊन. म्या व्हय म्हणलंय."

गाडी मी चालवत होते. मी नजर रस्त्यावरच ठेवली.

वर्षभर अण्णांची तब्येत छान होती. वजन भरलं, सकाळी फिरायला जायचे, बटईदाराशी भांडायचे. मी हे कुणालाच सांगितलं नाही. मध्यंतरी शिवानंदला फोन केला. त्यानं त्या घळीच्या सहली बंद केल्यात. कारण विचारलं तर म्हणाला, "पाणी वाढलंय, ताई." पाऊस यंदा कमीच झालाय, हे दोघांनाही माहीत होतं. माझ्याकडं या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही. कातळातल्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला बेसन कुठून आलं, मला माहीत नाही. पांढरं सीरम एका जेवणानं कसं स्वच्छ झालं, तेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल तर जरूर लिहा, मी वाट बघेन.

फक्त लवकर लिहा. येळवस जवळ आलीय. गेल्या आठवड्यात अण्णांनी विचारलं, "लॅब बंद ठेवशील ना त्या दिवशी?" मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भात नको म्हटलं. परवा पोळी नको म्हटलं. काल आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "पोट भरलं."

आईनं माझ्याकडं बघितलं. ती मान हलवत होती, नको म्हणून.

मी म्हटलं, "अण्णा, येते मी. तुमच्याबरोबर येते."

त्यांनी ताट पुढं ओढलं आणि उरलेली भाकरी खायला सुरुवात केली.